बाईकवर कॅमेरा बसवताना क्रम चुकवू नका: आधी काम, मग वीज, मग जागा आणि शेवटी कॅमेरा

बाईकवर कॅमेरा लावायचा ठरलं की बहुतेक जण आधी कॅमेरा मागवतात. तो कुठे बसवायचा आणि त्याला वीज कुठून द्यायची, हा विचार खोकं उघडल्यावर सुरू होतो. ‘जरा बघ ना, नीट चालत नाहीये’ म्हणून मित्रांनी आणि त्यांच्या मित्रांनी माझ्याकडे आणलेल्या गाड्यांमध्ये घोळ बहुतेक वेळा इथेच निघाला. कॅमेरा चांगला असतो, पण त्या कामासाठी आणि त्या गाडीसाठी तो नसतो.

मीही हीच चूक केली होती. खेड शिवापूरच्या पुढे एका टेम्पोने मला डाव्या बाजूने घासलं. आरसा तुटला, फूटरेस्ट वाकलं, मी कसाबसा सावरलो. हँडलवर चांगला महागडा ॲक्शन कॅमेरा होता, पण त्याची बॅटरी अर्ध्या तासापूर्वीच संपली होती. टेम्पोचा नंबर ना मला दिसला, ना कॅमेऱ्याला. तेव्हापासून कोणी विचारलं की मी कॅमेऱ्याचं मॉडेल सर्वांत शेवटी सांगतो. खालचे टप्पेही त्याच क्रमाने दिले आहेत. कृपा करून मधला एखादा वगळू नका.

टप्पा १ : कॅमेरा नेमका कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

कागदावर एकच वाक्य लिहा. ‘मला ताम्हिणीतल्या राईडचं चित्रण करायचं आहे’ किंवा ‘रोज ऑफिसला जाता-येताना कोणी धडकलं तर माझ्याकडे पुरावा हवा’. या दोन कामांना दोन वेगळी यंत्रं लागतात.

ॲक्शन कॅमेरा, म्हणजे गोप्रो, डीजेआय ऑस्मो ॲक्शन, इन्स्टा३६० या जातीचा, चित्रणासाठी आहे. तो तुम्ही बटण दाबल्यावर सुरू होतो, स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि हादरे गिळून सुरेख चित्र देतो. जास्त रिझोल्यूशनवर एका बॅटरीत साधारण तास-दीड तासाचं काम धरा. कार्ड भरलं की तो थांबतो.

बाईकचा डॅशकॅम पुराव्यासाठी आहे. पुढे एक छोटी लेन्स, मागे एक, सीटखाली मुख्य डबी आणि गाडीच्या बॅटरीला जोडलेली वायर. चावी फिरवली की रेकॉर्डिंग सुरू, चावी काढली की बंद. कार्ड भरलं की सर्वांत जुनी फाईल पुसून नवी लिहितो. चित्र दिसायला साधंच असतं, पण त्याची आठवण तुम्हाला ठेवावी लागत नाही, आणि पुराव्याच्या कामात सगळं महत्त्व त्यालाच आहे. अपघात होण्याआधी कोणी बटण दाबत नाही.

दोन्ही कामं हवी असतील तर दोन यंत्रं घ्या. पैसे एकाचेच असतील आणि गाडी रोज रस्त्यावर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : डॅशकॅम घ्या.

*सावधान :* ‘सध्या मोबाईलच हँडलवर लावतो’ हा विचार सोडा. मोटरसायकलच्या इंजिनाच्या तीव्र हादऱ्यांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरण आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिली होती. त्या यंत्रणेत लेन्स अतिशय बारीक हलत असते. अशीच यंत्रणा असलेल्या इतर फोनलाही तोच धोका आहे.

टप्पा २ : गाडीत वीज किती आणि कुठे आहे, ते मोजा

हा टप्पा बहुतेक जण गॅरेजवाल्यावर सोपवतात. वायरिंग त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. मोजमाप मात्र स्वतः करा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

१. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सीट काढून बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास आकडा असेल तर ती अर्धी रिकामी आहे. आधी तिचा बंदोबस्त करा, कॅमेरा नंतर.

२. इंजिन सुरू करून थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि पुन्हा मोजा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. त्याहून कमी आले तर चार्जिंगमध्ये दोष आहे, खूप जास्त आले तर रेग्युलेटर तपासून घ्या. वर चढलेलं व्होल्टेज कॅमेऱ्याची डबी जाळू शकतं.

३. चावीवर चालणारी वायर शोधा. चावी चालू केली की १२ व्होल्ट, बंद केली की शून्य, अशी वायर हवी. मागच्या दिव्याची वायर अनेक गाड्यांत सोयीची पडते, कारण ती सीटखालूनच जाते. काही गाड्यांत ॲक्सेसरीसाठी मोकळा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, दिलेला असतो. तो सापडला तर दुसरीकडे शोधू नका.

हेडलाईटच्या वायरला मी हात लावत नाही. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा हेडलाईट कायम चालू राहतो, पण अनेक गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच पेटतो. कॅमेरा त्यावर जोडला तर सुरुवातीचा भाग चुकतो, आणि भर चौकात इंजिन बंद पडलं तर त्याच क्षणी कॅमेराही बंद होतो.

*सावधान :* ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), फ्युएल पंप आणि एबीएसच्या वायरमधून वीज घेऊ नका. कुठलीही मूळ वायर कापू नका. कापलेली वायर सर्व्हिस सेंटरने पाहिली तर वॉरंटीवरून वाद ठरलेलाच. कपलरमध्ये बसणारी जोडणी किंवा फ्यूजच्या जागी बसणारा टॅप वापरा.

आता पार्किंग मोडबद्दल. गाडी उभी असतानाही कॅमेरा जागा राहतो, ही सोय ऐकायला छान वाटते. हिशेब करून बघा. कॅमेरा ०.२ अँपिअर घेत असेल तर २४ तासांत ४.८ अँपिअर-तास खर्च झाले. तुमची बॅटरी ८ अँपिअर-तासांची असेल तर एका दिवसात निम्म्याहून जास्त गेली. शंभर सीसीच्या गाडीतली बॅटरी याहून बरीच लहान असते, तिचं तर रात्रीतच काम होईल. म्हणून सोसायटीत गाडी लावणाऱ्यांना मी पार्किंग मोड बंद ठेवायला सांगतो. हवाच असेल तर व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की आपोआप तोडणारं हार्डवायर किट घ्या आणि ती पातळी १२.२ व्होल्टवर ठेवा.

ॲक्शन कॅमेरावाल्यांसाठी एक गोष्ट. हँडलवरच्या यूएसबी पोर्टमधून कॅमेरा चार्ज करत चित्रण करता येतं, पण त्यासाठी कॅमेऱ्याच्या बाजूचं झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की पाण्यापासूनचं संरक्षण संपलं. केबल आत जाऊ देणारी वेगळी झाकणं मिळतात, पण त्यातली बरीचशी पाणी पूर्ण अडवत नाहीत. पावसाळ्यात दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवणं चांगलं.

*तपासणी :* कागदावर आता चार गोष्टी हव्यात. उभ्या गाडीचं व्होल्टेज, चालू गाडीचं व्होल्टेज, वीज कोणत्या वायरवरून घेणार आणि पार्किंग मोड हवा की नको. यातलं एक जरी उत्तर नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : जागा हाताने तपासा, डोळ्यांनी नाही

इंजिन सुरू करून गाडी मेन स्टँडवर उभी करा. ॲक्सिलरेटर थोडा चढवा आणि जिथे कॅमेरा लावायचा विचार आहे त्या प्रत्येक जागी बोटाचं टोक हलकेच टेकवा. हँडलचं टोक, हँडलचा मधला क्लॅम्प, आरशाची दांडी, क्रॅश गार्ड, हेडलाईटचा ब्रॅकेट. एक-सिलिंडर गाडीत क्रॅश गार्डवर बोट ठेवलं तर मुंग्या येतात. तिथे लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र जेलीसारखं थरथरतं, कारण सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्या वेळात कॅमेरा हललेला असतो. ही थरथर नंतर सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. बोटाला सर्वांत शांत लागेल ती जागा निवडा. हँडलचा मधला भाग आणि हेडलाईटजवळचा जाड ब्रॅकेट सहसा बरे पडतात.

पुढची लेन्स साधारण हेडलाईटच्या उंचीवर बसवा. त्याहून खाली बसवली की मडगार्डवरून उडालेला चिखल थेट काचेवर. मागची लेन्स नंबर प्लेटच्या वर, पण प्लेटचं एकही अक्षर झाकलं जाणार नाही अशी. हाय सिक्युरिटी प्लेटला भोक पाडू नका, तिचे रिव्हेट काढू नका.

मुख्य डबीची जागा सीटखाली किंवा साईड पॅनलच्या आत. सायलेन्सर आणि इंजिनाजवळ नको. अनेकांच्या सीटखाली टूलकिट आणि कागदपत्रं कोंबलेली असतात, मग डबी उरलेल्या फटीत दाबली जाते आणि वायर बॅटरीच्या टोकावर घासत राहते. आधी ती जागा रिकामी करून बघा.

मग जाड दोरा घ्या. पुढच्या लेन्सच्या जागेपासून टाकीखालून सीटखालच्या डबीपर्यंत वायर जशी जाईल तसा तो ओढा. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून दोरा ताणला जात नाही ना बघा. मग दोरा मोजा आणि त्यात एक वीत वाढवा. तुम्हाला लागणाऱ्या वायरची ही कमीत कमी लांबी. लांब व्हीलबेसच्या गाडीत सोबत आलेली वायर तोकडी पडली, अशी तक्रार दहा मिनिटांच्या या कामाने टळते.

हेल्मेटवर कॅमेरा लावण्याबद्दल स्पष्ट सांगतो. हेल्मेट मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे सक्तीचं आहे आणि ते आयएस ४१५१ या मानकाचं असावं लागतं. ते मानक हेल्मेट जसं कारखान्यातून बाहेर पडलं तशा स्थितीतलं आहे. त्यात स्क्रू मारू नका, भोक पाडू नका. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये कॅमेरा लावलेल्या हेल्मेटवर कारवाईची घोषणा केली होती. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर हे लक्षात असू द्या. चित्रणासाठी छातीचा पट्टा मला अधिक योग्य वाटतो. हँडल, हात आणि रस्ता तिन्ही दिसतात, आणि अंग स्वतःच हादरे झेलतं. मात्र पडलात तर त्या टणक वस्तूचा मार छातीला बसू शकतो, हे ओळखून घाटात वेगावर ताबा ठेवा.

टप्पा ४ : नंबर प्लेट वाचता येईल का, याचं गणित करा

खोक्यावर ‘१७० अंश वाइड अँगल’ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि लोक ते जास्त चांगलं समजतात. पुराव्यासाठी बऱ्याचदा उलटं होतं.

समजा कॅमेरा १०८०पी आहे, म्हणजे त्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद आहे, आणि त्याचा आडवा कोन १३० अंश आहे. १९२० पिक्सेल १३० अंशांत वाटले तर एका अंशाला साधारण १५ पिक्सेल. कारची पुढची प्लेट ५०० मिलिमीटर लांब असते. १० मीटरवरून ती पावणेतीन-तीन अंशांत मावते, म्हणजे पूर्ण प्लेटला जेमतेम ४२ पिक्सेल. त्यात दहा अक्षरं नि आकडे. एकेकाच्या वाट्याला चारच पिक्सेल. हे वाचता येत नाही. पाच मीटरवर आठ पिक्सेल येतात, तेव्हा कुठे ओळखता येऊ लागतं. ४के कॅमेऱ्यात रुंदीला दुप्पट पिक्सेल असतात, म्हणून हेच अंतर दुप्पट होतं.

म्हणून पुराव्यासाठी पुढची लेन्स किमान १४४०पी असावी, ४के असेल तर उत्तम, आणि कोन १२० ते १४० अंशांच्या आत. मागची १०८०पी चालते, कारण सिग्नलवर मागून ठोकणारी गाडी जवळच असते.

रात्रीची अपेक्षा माफक ठेवा. अंधारात शटर १/५० सेकंदावर येतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात ३३ सेंटिमीटर सरकते. ती तिरकी जात असेल तर अक्षरं फासल्यासारखी दिसणारच. शिवाय आपल्या हाय सिक्युरिटी प्लेट प्रकाश परत फेकणाऱ्या आहेत, त्यामुळे तुमच्याच हेडलाईटने समोरची प्लेट पांढरीफटक होते. यावर साधा उपाय आहे : काही घडलं की गाडी बाजूला घेऊन थांबा आणि दिसलेला नंबर कॅमेऱ्याच्या माईकजवळ मोठ्याने म्हणा. वेगात वाऱ्याने आवाज ऐकू येत नाही, थांबल्यावर येतो. तो आवाज त्याच फाईलमध्ये त्याच वेळेसह राहतो.

सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडता येतं का, हेही बघा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा ६० वर राहिला तर रस्त्यावरचे दिवे आणि बोगद्यातले दिवे चित्रात लुकलुकतात.

टप्पा ५ : कार्ड

कार्डवर वाचवलेले पाचशे रुपये सर्वांत महाग पडतात.

हिशेब असा. १६ एमबीपीएसने (सेकंदाला १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट) लिहिणारी एक लेन्स तासाला सुमारे ७.२ जीबी घेते. दोन लेन्स म्हणजे १४.४ जीबी. १२८ जीबीच्या कार्डात साधारण साडेआठ तास बसतात, मग जुनं पुसायला सुरुवात. तुमचा रोजचा प्रवास दोन तासांचा असेल तर चार दिवसांचा साठा झाला. पुढची लेन्स ४के असेल तर तासांचा आकडा बराच खाली येईल. ॲक्शन कॅमेरा १०० एमबीपीएसवर तासाला ४५ जीबी खातो, म्हणजे त्याच कार्डात तीन तासही नाहीत.

कार्डवर व्ही३० हे चिन्ह हवं. याचा अर्थ सलग लिहिण्याचा वेग सेकंदाला कमीत कमी ३० एमबी. डॅशकॅमसाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या, कारण ते दिवसभर पुन्हा पुन्हा लिहिलं-पुसलं जातं. साधं कार्ड त्यात लवकर थकतं, आणि थकलेलं कार्ड बिघाड दाखवेलच असं नाही. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो, आत मात्र काहीच लिहिलं जात नाही.

*सावधान :* कॅमेऱ्याला जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड चालतं, ते माहितीपत्रकात वाचूनच कार्ड घ्या. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. आणल्यावर कार्ड पूर्ण भरून परत वाचून पाहणारं एचटूटेस्टडब्ल्यूसारखं मोफत सॉफ्टवेअर एकदा चालवा.

टप्पा ६ : पाणी

आयपी६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात नाही. धुवायला देताना दोन्ही लेन्सवर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड लावा आणि धुणाऱ्या मुलाला तसं तोंडी सांगाही. लेन्सला आयपी६७ आहे आणि मुख्य डबीला नाही, असंही असतं. दोन्हींचं वेगवेगळं बघा. वायरच्या जोडांनाही रबरी सील हवेत.

टप्पा ७ : आता कॅमेरा निवडा

हातातल्या कागदावर काम, वीज, जागा, वायरची लांबी, पिक्सेल आणि कार्ड असं सगळं आहे. आता दुकानात किंवा ऑनलाईन बघताना हे प्रश्न विचारा.

चावी फिरवल्यावर रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं का आणि किती सेकंदांत? स्टार्टर दाबल्यावर व्होल्टेज क्षणभर कोसळतं, तेव्हा कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो का? डबीत लिथियमची बॅटरी आहे की सुपर कपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग? नागपूर-अकोल्याच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सुपर कपॅसिटरच हवा, कारण सीटखालच्या उष्णतेत लिथियम बॅटरी फुगते. जीपीएस आहे का? मागची लेन्स किंवा वायर वेगळी विकत मिळते का? हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मागच्या लेन्सचा जोड दीड वर्षात गंजला आणि ती एकटी मिळत नसेल, तर सगळाच सेट भंगारात जातो.

स्क्रीन हँडलवर हवी की नको, यावर बरीच चर्चा चालते. मला ती नको वाटते. पावसात दिसत नाही, चालवताना नजर तिकडे जाते आणि चोराला ती लांबून दिसते. मोबाईल ॲपवर वायफायने चित्र दिसलं की काम झालं. मात्र रेकॉर्डिंग सुरू असल्याचा छोटा दिवा डोळ्यांसमोर हवाच.

टप्पा ८ : बसवणं, आणि आधी टेबलावर

१. सगळे भाग टेबलावर जोडा. १२ व्होल्टच्या जुन्या बॅटरीवर अर्धा तास चालवा. दोन्ही फाईल लॅपटॉपवर उघडून बघा. खराब सेट परत करायची वेळ हीच आहे. एकदा वायर टाकीखाली गेली की कोणी काढत नाही.

२. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडवा, मग वायरिंग. जोडताना निगेटिव्ह सर्वांत शेवटी.

३. बॅटरीवरून येणाऱ्या पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या जवळात जवळ, २ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज पुढे कुठेतरी डबीजवळ असेल तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग नाही. किटमध्ये अनेकदा लाल वायर चावीची, पिवळी कायमच्या विजेची आणि काळी अर्थिंगची असते, पण सगळ्यांचे रंग सारखे नसतात. सोबतचा कागद वाचा.

४. लेन्स आधी झिप टायने तात्पुरत्या बांधा. पक्का चिकट पॅड लावू नका. एक दिवस चालवा, चित्र बघा, कोन सुधारा.

५. समाधान झालं की पक्कं करा. थ्रीएमचा व्हीएचबी पॅड लावणार असाल तर जागा स्वच्छ पुसून, पूर्ण कोरडी करून जोरात दाबा. खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत त्याची सुमारे निम्मी पकड येते, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. शनिवारी रात्री चिकटवून रविवारी पहाटे माळशेज गाठणाऱ्यांचे कॅमेरे वाटेत पडतात ते यामुळे. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर लावा, नाहीतर हादऱ्यांनी महिन्याभरात ढिले होतील. ॲक्शन कॅमेऱ्याला पातळ दोरीने हँडलशी बांधून ठेवा.

६. डबीत शिरण्याआधी वायर थोडी खाली झुकवून मग वर न्या. पाणी त्या झुकलेल्या जागेवरून गळून जातं, वायरवरून डबीत वाहत नाही.

*तपासणी, ही चुकवू नका :* हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. ॲक्सिलरेटर पिळून सोडा, तो ताबडतोब परत येतो का? क्लच आणि ब्रेक मोकळे आहेत का? पुढचा सस्पेन्शन दाबून बघा, वायर कुठे चिमटली जात नाही ना? यातलं एक जरी बिघडलं असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. ॲक्सिलरेटरची केबल अडकणं जीवावर बेतू शकतं.

टप्पा ९ : सेटिंग

तारीख आणि वेळ सर्वांत आधी. जीपीएस असेल तर टाइम झोन अधिक ५:३० ठेवा. चुकीच्या वेळेच्या चित्रणावर समोरचा वकील पहिलं बोट ठेवील.

फाईलची लांबी तीन मिनिटं ठेवा. कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. जी-सेन्सर म्हणजे धक्का ओळखून ती फाईल ‘लॉक’ करणारी सोय. लॉक झालेली फाईल पुसली जात नाही. ही सोय कारसाठी ठीक आहे. आपल्या रस्त्यावर बाईक प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला धक्का खाते, आणि कॅमेरा प्रत्येक वेळी एक फाईल लॉक करतो. काही दिवसांत निम्मं कार्ड खड्ड्यांच्या फाईलनी भरून जातं आणि नवं लिहायला जागा उरत नाही. जी-सेन्सर अगदी कमी किंवा बंद ठेवा. त्याऐवजी हाताने लॉक करायचं बटण असेल तर ते अंगठ्याच्या टप्प्यात लावा.

लष्करी हद्द किंवा चित्रीकरणाला मनाई असलेला फलक दिसला तर कॅमेरा बंद करा. दुसऱ्याचा चेहरा किंवा नंबर दिसणारं चित्रण सरसकट पसरवू नका. ते पुराव्यासाठी आहे.

टप्पा १० : पहिला आठवडा आणि त्यानंतर

पहिल्या सात दिवसांत रोज एक फाईल उघडून बघा. पुढची, मागची, दिवसाची, रात्रीची. एकदा मुद्दाम पावसात किंवा पहाटेच्या दवात. ताम्हिणीच्या धुक्यातून परत आल्यावर माझ्या मागच्या लेन्सच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले होते. सील नीट बसलेलं नव्हतं आणि परतीची मुदत अजून दोन दिवस शिल्लक होती, म्हणून बदलून मिळालं.

त्यानंतर महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, स्क्रू आवळा, लेन्स मऊ कापडाने पुसा. आधी पाणी मारून धूळ घालवा, कोरडी पुसाल तर ओरखडे पडतील. पंधरा दिवसांतून एकदा बॅटरीचं सकाळचं व्होल्टेज पहिल्या आकड्याशी ताडून बघा.

अपघात झालाच तर

आधी माणसं, मग कॅमेरा. जखमींची सोय झाली, गाडी बाजूला घेतली की चावी बंद करून रेकॉर्डिंग थांबवा. डॅशकॅम चालू राहिला तर पुढच्या काही तासांत तो हवी असलेली फाईलच पुसून टाकील. कार्ड बाहेर काढा, खिशातल्या छोट्या डबीत ठेवा आणि कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घाला. म्हणून एक जादा कार्ड कायम गाडीत असावं.

घरी गेल्यावर कार्डाची पूर्ण प्रत काढा. मूळ कार्डावरची एकही फाईल कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत मूळ समजू नका. तिथे चित्र दाबून लहान केलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात फाईलची हॅश संख्या (फाईलमधून काढलेला ठसा, फाईल जराही बदलली की तोही बदलतो) लिहायची असते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. एसएचए-२५६ ही हॅश लॅपटॉपवर दोन मिनिटांत काढता येते. ती त्याच दिवशी काढून तारखेसह लिहून ठेवा आणि प्रमाणपत्राचं पुढचं काम वकिलाकडून करून घ्या. मूळ कार्ड कोणाकडे सोपवलं तर पोच घ्या.